पिराजी खोतांचा सोनेरी बगळा

१. पैज

“सर, हा बगळा खऱ्या सोन्याचा आहे का?”

प्रश्न आला हुस्ना शिकलगारच्या तोंडून, पण शिजला होता मागच्या बाकावर. अमेरिकेच्या पाहुण्यांना हे भर सभेत जी विचारेल तिला मिसळ, वर कट हवा तेवढा, अशी पैज स्वप्नालीनं लावली होती. नववी ब मधल्या मुली एकमेकींकडं बघत राहिल्या आणि हुस्नाचा हात वर गेला. ही तीच हुस्ना, जी मागल्या वर्षापर्यंत इतकी गप्प असायची की ती समोर बसलेली असताना बाईंनी एकदा तिची गैरहजेरी मांडली होती. यंदा तिला आवाज फुटला होता, आणि असा फुटला होता की शेजारचा वर्ग खिडक्या लावून घ्यायचा.

पाहुणे म्हणजे पिराजी खोत. याच शाळेत शिकलेले, आता हॉलिवूडमधले नावाजलेले छायाचित्रकार. तिकडं त्यांना पीट म्हणतात. सिनेमातलं कुठलं माणूस कुठल्या उजेडात, कुठल्या कोनातून दिसणार, हे ते ठरवणार. त्यासाठी त्यांना तिकडचा मोठा मानाचा पुरस्कार मिळाला होता: काळ्या दगडावर एका पायावर उभा असलेला, वीतभर उंचीचा सोनेरी बगळा. पुरस्काराला भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण तो कोल्हापुरात उतरल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं. सगळे बगळाच म्हणत होते.

प्रश्न ऐकून संस्थेचे सेक्रेटरी उदयसिंहदादा तांबड्या रश्श्यासारखे लालबुंद झाले. पिराजी मात्र खुर्चीत पुढं सरकले.

“वरचा पापुद्रा सोन्याचा. आत काय हाय ते मी खरवडून बघितलं न्हाय. घरी तो न्हाणीच्या दाराला टेकण म्हणून असतोय, वाऱ्यानं दार आपटतंय म्हणून. तू खरवड आणि मलाबी सांग.”

हॉलभर हशा पिकला. मग पिराजी जे सुटले ते थांबेचनात. पोरगेले असताना ते इथल्या स्टुडिओत चंदेरी कागदाचे फळे धरून उभे राहायचे, नटीच्या तोंडावर ऊन पाडायला. तिथून मुंबई, तिथून लॉस एंजेलिस. तिकडं आधी नुसती भिंगं पुसली, मग दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म भरली. पहिला सिनेमा हातात आला त्यात नायकाचं तोंड इतकं काळोखात ठेवलं की त्याच्या आईनं शेवटपर्यंत त्याला ओळखलं नाही. आणि बगळा मिळाला तो एका म्हातारीच्या प्रसंगासाठी. दिवा एकही नव्हता. जमिनीवर मक्याचे पिवळे दाणे पसरले, दारातून आलेलं ऊन त्यावर पडलं आणि खालून उसळून म्हातारीचं तोंड सोन्यासारखं उजळलं.

“वस्तूचा रंग तिचा एकटीचा नसतोय,” ते म्हणाले. “शेजारी काय ठेवलंय, ते बघायचं.”

शेवटी त्यांनी सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत ते जोतिबाच्या डोंगरावर शूटिंग करणार आहेत, आणि कॅमेऱ्याशेजारी बसायला या शाळेतलं एक मूल नेणार. त्यांनी बोट केलं ते थेट हुस्नाकडं. विचारायची भीती नसलेलं माणूस त्यांना हवं होतं.

हुस्नाला आभाळ ठेंगणं झालं, आणि लगेच अम्मी आठवली. अम्मीच्या राज्यात रंकाळ्यावर जायलासुद्धा आधी विचारावं लागे. चार दिवस डोंगरावर, परक्या माणसांत?

पण अम्मीला विचारायची वेळच आली नाही. सभेनंतर हेडसरांच्या टेबलावर ठेवलेला बगळा मधल्या सुट्टीत गायब झाला.

२. बोट कुणाकडं

संध्याकाळी पिराजींचा फेटा बांधून सत्कार होता आणि बगळा मंचावर ठेवायचा होता. उदयसिंहदादांनी कपाटं उघडली, कचरापेट्या उपड्या केल्या, आणि मग त्यांना आठवलं की खऱ्या सोन्याचं कुणी विचारलं होतं.

हुस्नाला हेडसरांच्या खोलीत बोलावणं आलं. दादांनी सरळ आरोप केला नाही. त्यांनी फक्त विचारलं की वडील काय करतात.

वडील काय करतात हे गुजरीतल्या अख्ख्या सराफ बाजाराला ठाऊक होतं. शिकलगारांच्या घरात आज्यापर्यंत तलवारींना धार लावायचं काम होतं. रिजवान शिकलगारांनी सराफांच्या बोळात दागिन्यांना सोन्याचं पाणी चढवायचं दुकान टाकलं होतं. चांदीचा साज आत जायचा, सोन्याचा होऊन बाहेर यायचा. लोक गळ्यातलं काढून अब्बांच्या हातावर ठेवत आणि पाठ फिरवून भाजी आणायला जात. त्या विश्वासावर दुकान चालत होतं. शिकलगारांच्या पोरीनं पाहुण्यांचं सोनं उचललं, एवढी कुजबूज पुरे होती.

“सत्काराआधी बगळा आला तर आला,” दादा म्हणाले. “न्हाईतर मी माईकवरनं सांगणार, कुणी काय विचारलं आणि कुणाचं दुकान कसलं हाय. मग पोलीस काय ते बघतील.”

मागल्या वर्षीची हुस्ना असती तर तिथंच रडली असती. यंदाच्या हुस्नानं आधी खोली बघून घेतली. टेबल रिकामं. खिडक्यांना गज. दार सताड उघडं, एका काळ्या दगडाला टेकवलेलं, वारा सुटला तरी जागचं हलत नव्हतं. एरवी हे दार इतकं आपटायचं की हेडसर मुलांना ओरडायचे थांबून दाराला ओरडायचे.

बाहेर स्वप्नाली वाट बघत होती. तिनं आधीच सांगून टाकलं की पैज रद्द झालेली नाही, मिसळ मिळेल. पण तुरुंगात डबा चालतो का, ते विचारून घ्यावं लागेल.

“तू गप. आपण चोर शोधायचा,” हुस्ना म्हणाली.

३. ज्याच्या त्याच्या तोंडून

पहिला संशय मीरासाबचाचांवर गेला. हे मंडपवाले, पिराजींचे लहानपणचे दोस्त. हॉलमध्ये झेंडूच्या ढिगात बसून तोरणं ओवत होते आणि सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की त्या बगळ्यात त्यांचा अर्धा वाटा आहे.

“व्हय, म्हणालो की,” चाचा सुई न थांबवता म्हणाले. “पेठ वडगावात गुऱ्हाळावर आम्ही दोघं पोरं गेलतो. मी काकवी बघाय कढईवर वाकलो, तर ह्यो पिऱ्या ओरडला, मिऱ्या, हलू नको, तुझं तोंड सोन्याचं झालंय. त्या पिवळ्या रसावरनं ऊन उसळत हुतं. ते तोंड चोरून त्यानं त्या म्हातारीला लावलं. मग अर्धा बगळा कुणाचा?”

म्हणजे कारण होतं. पण चाचा सकाळपासून ढिगातून उठलेच नव्हते. त्यांच्या मांडीवर ओवून झालेल्या माळांचा एवढा थर होता की उठले असते तर दारापर्यंत झेंडू सांडला असता. पोरी निघाल्या तसे ते आणखी कुरकुरले की पिवळा बगळा ही काय भानगड आहे, तिकडच्या लोकांनी बगळा कधी बघितलाच नाही वाटतं.

दुसरा संशय खुद्द उदयसिंहदादांवर. बगळा शाळेलाच देऊन टाका, काचेच्या कपाटात शोभेल, असं ते कालपासून तीनदा बोलले होते. पण काचेचं कपाट रिकामं होतं आणि दादा इतके घामाघूम झाले होते की चोराला एवढं नाटक जमलं असतं तर तो एव्हाना सिनेमात असता.

तिसरे पिराजी. ते शिक्षकांच्या खोलीत निवांत चहा पीत बसले होते. स्वतःचा बगळा स्वतःच लपवलात का, असं हुस्नानं तोंडावर विचारलं. त्यांना ते फार आवडलं. विमानातून आणतानाच एकदा तो गेला असता तर बरं, असं वाटलं होतं, ते म्हणाले. पक्षी दगडावरून गोल फिरवला की सुटतो. त्यांनी दोन तुकडे करून बॅगेत घातला होता, आणि विमानतळावरच्या माणसानं नुसता पक्षी हातात घेऊन ही कुठल्या नळाची तोटी म्हणून विचारलं होतं.

चौथ्या बयाबाई. शाळेच्या मावशी. संशय म्हणून नाही, तर हेडसरांच्या खोलीत मधल्या सुट्टीत झाडायला त्या जातात म्हणून. मागच्या नळावर त्या पूजेची शेवटची घंगाळं घासत होत्या. खंडेनवमी होती, उन्हं कलताना शाळेत पाटीपूजन आणि लगेच सत्कार. प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकं, मैदानावरच्या बॅटी, सुताराची करवत, सगळं सरस्वतीपुढं मांडून त्याला हळदकुंकू वाहायचं. दादांचा हुकूम होता की पिवळं दिसेल ते घासा, पूजेत काळं काही दिसता कामा नये. विटेच्या भुग्यानं मावशींचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते.

सोनेरी बगळा बघितला का, हुस्नानं विचारलं.

“सोनेरी?” मावशी नळाकडं बघत म्हणाल्या. “सोनेरी बगळा काय माझ्याकडं न्हाय गं बाई.”

हातातला काथ्या त्यांनी पटकन बादलीत बुडवला. तो ओला काथ्या उन्हात क्षणभर चकाकला. हुस्ना तिथून निघाली, पण काहीतरी खुपत राहिलं, चपलेत खडा गेल्यासारखं.

४. डोळे मिटल्यावर

पाटीपूजनाची घंटा झाली तेव्हा हुस्नाच्या हातात काहीच नव्हतं. हॉलमध्ये सरस्वतीची मोठी तसबीर, पुढं हत्यारं, पाट्या, पुस्तकं. तसबिरीपाशी मागल्या वर्षी प्लास्टरचा हंस होता, डिंकानं चोच चिकटवलेला, आणि आरतीत ती चोच ताटात पडली होती. यंदा तिथं नवा, देखणा हंस होता, मानेपर्यंत झेंडूच्या माळेत बुडालेला.

उदयसिंहदादांनी त्याला कुंकू लावलं, खाली वाकले, आणि सापडू दे रे देवा असं पुटपुटले. ते पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं.

मग सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. हुस्नानं हात जोडले. डोळे मात्र तिचे दरवर्षी उघडेच असत. तिला या वेळी सगळ्यांची तोंडं बघायला आवडायची, गणिताचे सरसुद्धा बाळासारखे दिसायचे.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि समोरच्या झेंडूच्या ढिगावर पडत होतं. त्या पिवळ्या झळाळीत हंस सोन्याचा वाटत होता. तेवढ्यात मीरासाबचाचा तोरण घेऊन खिडकीपुढून गेले. सावली पडली. ढीग विझला, हंसही विझला, पांढरा झाला.

पण सगळा नाही. मानेच्या घडीत, माळेच्या वर, एक बारीक पिवळी रेघ तशीच राहिली.

झेंडूचा उजेड सावलीबरोबर जातो. जे जात नाही, ते उजेडाचं नसतं. अब्बांच्या दुकानात तिनं शंभरदा बघितलं होतं: जुन्या दागिन्याचं पाणी घासून उतरवलं तरी खाचेत थोडं उरतंच, तिथं काथ्या पोचत नाही.

आणि काथ्या. पितळ घासलं की काथ्या काळा पडतो. मावशींचा चकाकत होता.

बाकीच्यांनी डोळे उघडायच्या आत हुस्ना हॉलबाहेर गेली, हेडसरांच्या खोलीशी. वाकून तिनं दाराचा काळा दगड उलटा केला.

खालच्या बाजूला धातूची छोटी पाटी होती. पाटीवर पिराजींचं नाव.

५. माईकवर

ती परत आली तोवर पाहुणे मंचावर होते, डोक्यावर गुलाबी फेटा. हॉलच्या दारात अब्बा आणि अम्मीही उभे होते. दादांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. अब्बांच्या बोटांना दुकानातला पिवळा डाग तसाच होता. त्यांनी हात खिशात घातले होते. अब्बा कधीच खिशात हात घालत नाहीत.

दादांनी माईक हातात घेतला. एक दुःखद गोष्ट सांगावी लागते आहे, अशी सुरुवात झाली. हुस्ना दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून मंचावर चढली.

“दादा, बगळा चोरीला गेलेला नाही,” ती माईकमध्येच बोलली. “तुम्ही आत्ताच त्याच्या पाया पडलात.”

दादांनी माईक परत ओढायला हात पुढं केला.

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मग तिला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. हा दगड दाराला टेकण होता. याचं टेकण करता येतं हे सकाळी पिराजीसरांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. दगड इथं असेल तर पक्षी त्यावरून फिरवून काढलेला आहे. चोरानं दोन्ही नेले असते. पक्षी वेगळा काढतो तो धुणारा माणूस. नळावरचा काथ्या पितळ घासून काळा पडायला हवा होता, तो चकाकत होता, म्हणजे त्याला सोनं लागलं होतं. सोनं गेलं तर खाली पांढरा धातू. पांढरा पक्षी, लांब मान. आज शाळेत असा पक्षी एकच आहे, आणि सगळे सोनेरी शोधत होते म्हणून तो कुणाला दिसला नाही.

ती सरस्वतीपाशी गेली, माळ बाजूला केली. फुलांखाली हंसाला एकच पाय होता.

“पण घासला कुणी?” दादांचा आवाज चिरकला.

हुस्नानं हॉलच्या टोकाला पाहिलं. बयाबाई पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या.

“तुम्हीच,” हुस्ना म्हणाली. “पिवळं दिसेल ते घासा, असा हुकूम तुमचाच होता.”

पण मावशींनी पदर सोडला आणि त्या पुढं आल्या. समया, घंटी, ताम्हण, सगळं उचलताना टेबलावरचं हेही त्यांनी उचललं, त्यांना वाटलं पितळ आहे; खालचा काळा दगड फिरवून काढला आणि आपटणाऱ्या दाराला लावला. घासता घासता ते पांढरं पडायला लागलं तेव्हा आणखी घासलं, कळकट असेल म्हणून. मग सगळे आरडाओरडा करायला लागले आणि त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

“म्हणलं, देवीच्या पायाशी ठेवावा,” त्या म्हणाल्या. “हंस मोडलाच हुता. आणि सायेब, खरं सांगू का, बगळा पांढराच बरा दिसतोय.”

पिराजी उठले. त्यांनी बगळा हातात घेऊन उलटापालटा केला, आणि इतके हसले की फेटा कानावर आला. इतक्या वर्षांत ह्याला कुणी हात लावून पुसलं नव्हतं, ते म्हणाले. त्यांच्या घरची माणसं ह्याच्यावर अंगठा ठेचकाळला की शिव्याच देत आली होती.

“पण आता ह्यो सत्काराला शोभायचा कसा?” दादा कळवळले.

पिराजींनी हुस्नाकडं नुसतं पाहिलं. तिनं क्षणभर विचार केला आणि चाचांना हाक मारली. दोघांनी झेंडूचा ढीग ओढून मंचाच्या कडेला, उन्हाच्या पट्ट्यात आणला. हुस्नानं बगळा दगडावर फिरवून बसवला, ढिगाच्या थोडा पुढं ठेवला, एक पाऊल मागं गेली, परत येऊन बोटभर डावीकडं सरकवला.

बगळा पेटला. सकाळी होता त्यापेक्षा पिवळा, पायापासून चोचीपर्यंत.

“मिऱ्या,” पिराजी माईक विसरून हळूच बोलले, पण माईक त्यांना विसरला नव्हता, “वडगावची कढई की रं.”

“मग?” चाचा म्हणाले. “अर्धा माझाच.”

आता दादांना काहीतरी बोलणं भागच होतं. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की शिकलगारांच्या दुकानाबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नव्हती. आमच्या घरचा साज दर दिवाळीला पाणी चढवायला आम्ही त्यांच्याकडंच देतो. पहिल्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. तो साज अस्सल सोन्याचा आहे, असं त्यांनी अख्ख्या पेठेला सांगितलं होतं. त्यांनी दादांकडं जे पाहिलं, ते पाहून बयाबाईंनासुद्धा दादांची कीव आली.

दारात अब्बांनी खिशातून हात बाहेर काढले.

६. घरी

रात्रीचं जेवण होईपर्यंत कुणी बगळ्याचा विषय काढला नाही. अब्बांनी हुस्नाच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा मटणाचा मोठा तुकडा ठेवला, एवढंच. शेवटी ते म्हणाले की त्यांनी पाहुण्यांना विचारलं होतं, बगळ्याला फुकट पाणी चढवून देतो म्हणून. पाहुण्यांनी नको म्हटलं. तो शाळेतच राहू दे, दर खंडेनवमीला मावशी घासतील, असं म्हणाले.

“आणि जोतिबाचं काय बोलत होते?” अम्मीनं भाकरी मोडता मोडता विचारलं. अम्मीला सगळं ऐकू येतं. “चार दिवस. अनोळखी माणसं. तू आधी मला विचारायचं होतंस.”

हुस्नानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. सकाळी पैजेसाठी हात वर करताना धडधडलं होतं, त्याच्या दुप्पट आता धडधडत होतं. इथं मिसळही नव्हती.

“शाळेच्या मावशी सोबत येणार हाईत, मी त्यांना सांगून आलो,” ती म्हणाली. “अम्मी, अब्बा, दिवाळीत मी जोतिबाला जाणार. त्या कॅमेऱ्याशेजारी बसणार आणि उजेड शिकणार. सकाळी विचारलं ते पैजेसाठी. हे मी विचारत न्हाय. हे सांगाय लागलोय.”